बायपास ऑइल फिल्टर

बायपास ऑइल फिल्टर किंवा उपमार्गी तेलगाळणी म्हणजे इंजिनातील वंगणतेलाचा थोडा भाग मुख्य प्रवाहातून बाजूला घेऊन तो अतिशय बारीक माध्यमातून संथपणे गाळणारी आणि तेलाच्या चेंबरमध्ये परत सोडणारी योजना होय. मालमोटारी, बसगाड्या, खाणीतील यंत्रे, जनित्रे व जहाजे यांच्या डिझेल इंजिनांवर तिचा वापर होतो. मालवाहतुकीच्या व्यवसायात तिचा विचार बहुधा सिंथेटिक तेलाच्या जोडीने केला जातो, कारण तेलबदलाचे अंतर वाढवणे हेच दोहोंचे आश्वासन असते. त्यामुळे खर्चाच्या हिशोबात एकच बचत दोनदा मोजली जाण्याचा संभव असतो.

प्रत्येक इंजिनावर बसवलेल्या नेहमीच्या गाळणीतही ‘बायपास व्हॉल्व्ह’ नावाची झडप असते. गाळणी तुंबल्यास किंवा थंडीत तेल फार दाट असल्यास ती उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाऊ देते. या झडपेचा प्रस्तुत गाळणीशी नामसाम्यापलीकडे संबंध नाही.

इतिहास

मोटारींच्या आरंभीच्या काळात तेलगाळणी मुळी नसेच. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी तयार केलेली ‘प्युरोलेटर’ ही गाळणी उपमार्गी पद्धतीची होती. पुढे सर्व तेल गाळणाऱ्या पूर्णप्रवाही गाळण्या रूढ झाल्या आणि उपमार्गी गाळणी जोडसाधन म्हणून उरली. अमेरिकेतील ‘फ्रँट्झ’ गाळणीत तर शौचालयातील कागदाची गुंडाळीच माध्यम म्हणून वापरीत. हा प्रकार हास्यास्पद वाटला, तरी घट्ट गुंडाळलेल्या कागदातून तेल सावकाश झिरपवणे हे तत्त्व आजही अनेक गाळण्यांत कायम आहे.

रचना व कार्य

पूर्णप्रवाही गाळणीतून पंपाने ढकललेले सर्व तेल तत्काळ बेअरिंगांपर्यंत पोहोचावे लागते. म्हणून तिची छिद्रे फार बारीक ठेवता येत नाहीत. साधारण २० ते ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण तिच्यातून निसटतात. उलट बेअरिंग व पिस्टन रिंग यांच्यापाशी तेलाच्या थराची जाडी काही मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असते. त्या जाडीच्या आसपासचे कणच सर्वाधिक झीज घडवतात.

उपमार्गी गाळणी दाबाच्या वाहिनीतून एका अरुंद छिद्रावाटे सुमारे ५ ते १० टक्के प्रवाह घेते आणि १ ते ५ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. एका फेरीत थोडेच तेल गाळले जात असले, तरी इंजिन चालू असताना सर्व तेल पुनःपुन्हा तिच्यातून जाते. माध्यमाऐवजी तेलाच्याच दाबाने फिरणाऱ्या चक्राचा उपयोग करून कण भिंतीवर साठवणारे केंद्रोत्सारी प्रकारही आहेत. स्कॅनियाच्या इंजिनांवर असा शोधक कारखान्यातूनच येतो. व्होल्वोच्या १३ लिटर इंजिनावर दोन पूर्णप्रवाही व एक उपमार्गी अशा तीन गाळण्या असतात. अशा गाड्यांवर आणखी एक गाळणी बाहेरून बसवण्यापूर्वी मूळ रचना पाहणे इष्ट.

काजळीचे मूळ कण मायक्रॉनच्या शतांश भागाच्या आसपास असतात. ते एकमेकांना चिकटून मोठे झाल्यावरच गाळणीच्या तावडीत सापडतात. तेलात मिसळलेले डिझेल, संपत आलेली पूरके आणि ऑक्सिडीकरणाने झालेला बिघाड यांवर गाळणीचा इलाज चालत नाही. काळे तेल खराब असते आणि स्वच्छ दिसणारे चांगले असते, हा गॅरेजमधील समज म्हणूनच दोन्ही बाजूंनी फसवा आहे.

सिंथेटिक तेल

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट मूळ तेलांचे पाच गट मानते. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिन या खऱ्या अर्थाने संश्लेषित तेलांचा आहे. तिसरा गट मात्र खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळतो. १९९९ मध्ये अमेरिकेतील जाहिरातविषयक निवाड्यानंतर तिसऱ्या गटातील तेलेही ‘सिंथेटिक’ म्हणून विकली जाऊ लागली. तेव्हा डब्यावरील या एका शब्दावरून किंमत योग्य की अयोग्य, हे ठरवता येत नाही.

सिंथेटिक तेल उष्णतेत कमी बिघडते व थंडीत लवकर वाहते. पण काजळी, धूळ व डिझेल त्यातही तितकेच मिसळते. अम्ल निष्प्रभ करणाऱ्या पूरकांचा साठाही मूळ तेलाच्या प्रकारावर अवलंबून नसून मिश्रणावर अवलंबून असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर डिझेलमधील गंधकाची मर्यादा १० पीपीएम झाली. त्यामुळे अम्लाचा भार घटला आणि साध्या तेलाचेही आयुष्य वाढण्यास वाव मिळाला.

खर्चाचा हिशोब

पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक मालकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. गाडी वर्षाला १,००,००० किमी धावते, चेंबरमध्ये ३० लिटर तेल मावते, खनिज तेल २५० रुपये व सिंथेटिक ६०० रुपये लिटर आहे आणि प्रत्येक बदलास नेहमीची गाळणी व मजुरी मिळून २,५०० रुपये लागतात, असे समजू.

खनिज तेल दर २०,००० किमीला बदलल्यास एका बदलाचे १०,००० व वर्षाचे ५०,००० रुपये होतात. सिंथेटिक तेलाचा एक बदल २०,५०० रुपयांना पडतो. म्हणजे ते किमान ४१,००० किमी चालले, तरच बरोबरी होते. जुन्याच अंतराने बदलले, तर वर्षाचा खर्च १,०२,५०० रुपयांवर जातो. तेल महाग घ्यायचे आणि सवयीने वेळेआधी काढून टाकायचे, हा सर्वांत तोट्याचा मार्ग होय.

आता उपमार्गी गाळणी बसवण्यास ४५,००० रुपये लागतात असे मानू. तिचा गाभा दर २५,००० किमीला ३,००० रुपये देऊन बदलावा लागतो, त्या वेळी २ लिटर नवे तेल भरावे लागते आणि १,००० रुपयांची तेलतपासणीही होते. या आधारावर खनिज तेल ५०,००० किमी चालवता आले, तर वर्षाचा खर्च ३८,००० रुपये येतो. बचत १२,००० रुपये. भांडवल फिटण्यास पावणेचार वर्षे.

सिंथेटिक तेल गाळणीविना, पण वर्षातून चार तपासण्या करून ५०,००० किमी चालवल्यास ४५,००० रुपये लागतात. त्यालाच गाळणी जोडून १,००,००० किमी गाठले, तर ४१,३०० रुपये. वार्षिक फरक अवघा ३,७०० रुपयांचा असल्याने गाळणीची किंमत बारा वर्षांतही पूर्णपणे वसूल होत नाही. दोन्ही साधने विकणारा प्रत्येक विक्रेता आपली तुलना २०,००० किमीच्या जुन्या खर्चाशी करतो. दुसऱ्या साधनाची तुलना पहिल्यानंतर उरलेल्या खर्चाशी करायला हवी.

तेलाचा खर्च इंधनापुढे लहान आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. हीच गाडी लिटरला ४ किमी देत असेल, तर तिला वर्षाला २५,००० लिटर डिझेल लागते. ९० रुपये दराने साडेबावीस लाख. उत्तर अमेरिकेतील मालवाहतूक कार्यक्षमता परिषदेच्या (नॅकफे) अहवालानुसार १५डब्ल्यू-४० ऐवजी पातळ तेल वापरल्यास ०.५ ते १.५ टक्के इंधन वाचू शकते. इतकी बचत येथे मिळाली, तर ती सुमारे ११,००० ते ३४,००० रुपयांची, म्हणजे तेलबदलाच्या बचतीला मागे टाकणारीही ठरू शकते. अर्थात इंजिन उत्पादकाने त्या श्रेणीस मान्यता दिलेली असली पाहिजे.

आयुष्यवाढीचा दावा

१९८८ मध्ये एसएईच्या एका शोधनिबंधात एसी स्पार्क प्लग व डेट्रॉइट डिझेल यांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ४० मायक्रॉनच्या गाळणीच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या गाळणीने झीज ५० टक्क्यांनी व १५ मायक्रॉनच्या गाळणीने ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांत आढळले. हे आकडे विक्रीपत्रकांत नेहमी दिसतात. चाचणीत तेलात मुद्दाम धूळ मिसळली होती, हे मात्र तेथे क्वचितच सांगितले जाते. हवेचा फिल्टर धड असलेल्या महामार्गावरील गाडीस तेवढा लाभ होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही. दगडखाणीतील टिपरची गोष्ट वेगळी.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागासाठी आयडाहो येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००२ पासून आठ डिझेल बसगाड्यांवर अशा गाळण्या वापरून पाहिल्या. तेथे ठरावीक अंतराला तेल काढून टाकण्याऐवजी तपासणीच्या निष्कर्षावर निर्णय घेतला जाई आणि तेलाचा वापर पुष्कळ घटला. गाभा बदलताना पडणाऱ्या नव्या तेलाबरोबर नवी पूरकेही येतात; दीर्घ आयुष्याचे काही श्रेय त्यांना द्यावे लागते.

तेलतपासणी व धोके

तपासणीत दाटपणा, अम्ल पेलण्याची शिल्लक क्षमता, काजळी, डिझेल व पाणी पाहतात. लोखंड व तांबे झिजेचा, सिलिकॉन धुळीचा, तर सोडियम बहुधा शीतक द्रवाच्या गळतीचा सुगावा देते. एका नमुन्यापेक्षा सलग नमुन्यांतील कल महत्त्वाचा. तपासणीविना अंतर वाढवणे हा नुसता जुगार होय.

बाहेरून जोडलेली नळी घासून फुटल्यास दाबाखालील तेल काही मिनिटांत बाहेर जाते आणि इंजिन जाम होते. त्या एका दुरुस्तीत अनेक वर्षांची बचत वाहून जाऊ शकते. म्हणून तेलदाबाचा इशारा देणारा दिवा चालू आहे ना, हे गाळणी बसवण्याआधीच पाहतात. हमीच्या मुदतीत बाहेरील जोडणीस वा लांबवलेल्या अंतरास उत्पादकाची लेखी संमती घेतलेली बरी.

काढलेले तेल व वापरलेले गाभे भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. ते तेल गटारात ओतता येत नाही. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते.