अपूर्ण राहिलेले एम.बी.ए. : स्टॅनफर्ड, पाताळगंगा आणि १९८० चे वर्ष

प्रस्तावना

व्यवस्थापनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून उद्योगात नावारूपास आलेल्या व्यक्तींचे दाखले आपल्याकडे व्याख्यानांतून आणि वृत्तपत्रीय लेखनातून वारंवार दिले जातात. त्यांत दोन नावे हटकून येतात : मुकेश अंबानी आणि स्टीव्ह बाल्मर. दोघांनीही कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात एम.बी.ए.साठी प्रवेश घेतला होता आणि दोघांनीही १९८० मध्ये ते शिक्षण सोडले. या योगायोगातून 'पदवीवाचून काही अडत नाही' असा बोध सर्रास काढला जातो. इतिहासाच्या कसोटीवर हा बोध घाईचा ठरतो. वर्ग सोडताना या दोघांच्या हाती नेमके काय होते आणि सोडण्याची वेळ कोणी ठरविली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रजा आणि त्याग

व्यवसायशिक्षणाला पदव्युत्तर दर्जा मिळाला तो विसाव्या शतकात. अमेरिकेत डार्टमथ येथील टक स्कूल १९०० मध्ये, हार्वर्डचे व्यवस्थापन विद्यालय १९०८ मध्ये आणि स्टॅनफर्डचे १९२५ मध्ये स्थापन झाले. भारतात कलकत्ता व अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये सुरू झाल्या. दोन वर्षांचा सलग, निवासी अभ्यासक्रम हा या शिक्षणाचा रूढ साचा होय. या साच्यातून मध्येच बाहेर पडण्याचे दोन मार्ग असतात. पहिला रजेचा : विद्यार्थी ठरावीक मुदतीसाठी बाहेर जातो, परंतु त्याची जागा राखीव राहते व पुन्हा प्रवेशपरीक्षेला बसावे लागत नाही. दुसरा प्रवेश सोडण्याचा : येथे परतीचा हक्क संपतो किंवा संस्थेच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

मराठीतील शब्दयोजनाही येथे बोलकी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल बाहेर पडले की आपण त्यास 'गळती' म्हणतो. स्टॅनफर्डमधून उद्योगपतीचा पुत्र बाहेर पडला की तोच 'निर्णय' ठरतो. पहिल्या शब्दात कर्ता नाही, दुसऱ्यात केवळ कर्ताच आहे. परिस्थिती दोन्हींतून सारखीच निसटते.

पाताळगंगेची हाक

मुकेश अंबानी यांनी मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यू.डी.सी.टी.) रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि त्यानंतर ते स्टॅनफर्डला गेले. त्या वेळी रिलायन्स हा प्रामुख्याने कापड उद्योग होता. धीरूभाई अंबानी यांनी १९६६ मध्ये अहमदाबादजवळ नरोडा येथे गिरणी उभारली होती, 'विमल' हे नाव घरोघरी पोहोचत होते आणि १९७७ मध्ये कंपनीने भागविक्री करून सामान्य गुंतवणूकदारांकडून भांडवल उभे केले होते. कृत्रिम कापडासाठी लागणारा पॉलिएस्टर धागा मात्र मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणावा लागे. तो देशातच तयार करणे ही पुढची स्वाभाविक पायरी होती.

ही पायरी चढणे उद्योजकाच्या इच्छेवर अवलंबून नव्हते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. औद्योगिक विकास व नियमन अधिनियम, १९५१ अन्वये कारखाना काढणे, त्याची उत्पादनक्षमता ठरविणे, ती वाढविणे या सर्व गोष्टींना शासनाचा परवाना लागे. मोठ्या उद्योगसमूहांवर १९६९ च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्याचा आणखी एक अंकुश होता. १९८० मध्ये इंदिरा गांधी यांच्या शासनाने पॉलिएस्टर फिलामेंट धाग्याचे उत्पादन खाजगी क्षेत्रास खुले केले. टाटा, बिर्ला यांच्यासह अनेक समूह स्पर्धेत उतरले आणि परवाना रिलायन्सला मिळाला. वार्षिक १०,००० टन क्षमतेचा हा प्रकल्प अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेला होता. तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा नदीकाठची जागा त्यासाठी निवडण्यात आली.

परवाना पद्धतीत संधी मिळण्यास वर्षानुवर्षे लागत. मिळालेली संधी मात्र थांबत नसे. उभारणीला विलंब झाला की धोरण बदलण्याची, प्रतिस्पर्धी पुढे जाण्याची टांगती तलवार कायम असे. अशा वेळी घरातील रासायनिक अभियंता परदेशी वर्गात बसून राहणे धीरूभाईंना परवडणारे नव्हते. कौशल्य वर्गात बसून नव्हे, तर अनुभवातून येते, अशी त्यांची धारणाही होती. त्यांनी मुलास बोलावून घेतले. तेवीस वर्षांच्या मुकेश यांच्याकडे प्रकल्पाच्या उभारणीची सूत्रे आली आणि १९८२ मध्ये पाताळगंगेचा कारखाना सुरू झाला.

म्हणजेच या प्रसंगी शिक्षण सोडण्याची तिथी स्टॅनफर्डच्या सत्रांनी ठरविली नाही, तशी ती विद्यार्थ्याच्या बंडखोरीनेही ठरविली नाही. ती दिल्लीच्या औद्योगिक धोरणाने ठरविली. सोडणाऱ्याजवळ एक पूर्ण केलेली तांत्रिक पदवी होती, परवाना होता, भांडवल होते आणि वाट पाहणारा कारखाना होता. जाता जाता एवढे नोंदविणे अप्रस्तुत ठरू नये की, पाताळगंगा सुरू झाली त्याच १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तेही कामाबाहेर पडणेच होते. त्यांच्यापैकी बहुसंख्यांना परतीचे दार उघडे राहिले नाही.

बाल्मर आणि पदवी पूर्ण करणारे

बाल्मर यांची परिस्थिती वेगळी होती. हार्वर्डमधून १९७७ मध्ये पदवी घेऊन त्यांनी प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत सुमारे दोन वर्षे काम केले आणि मग ते स्टॅनफर्डला आले. हार्वर्डच्या वसतिगृहातील त्यांचे मित्र बिल गेट्स यांनी स्वतः आधीच रजा घेऊन हार्वर्ड सोडले होते व मायक्रोसॉफ्ट सुरू केली होती. त्यांनी बाल्मर यांना पन्नास हजार डॉलर वेतन आणि कंपनीत हिस्सा देऊ केला. जून १९८० मध्ये बाल्मर तेथे रुजू झाले तेव्हा कंपनीत तिसेक माणसे होती. फोर्ड मोटर कंपनीत व्यवस्थापक असलेल्या त्यांच्या स्विस स्थलांतरित वडिलांना 'सॉफ्टवेअर' म्हणजे काय हाच प्रश्न पडला होता, असे बाल्मर यांनीच पुढे सांगितले आहे. आय.बी.एम.ची माणसे मायक्रोसॉफ्टकडे बोलणी करण्यास आली ती त्यानंतर, जुलैमध्ये. वर्ग सोडताना बाल्मर यांना पुढचे काहीच दिसत नव्हते. या अर्थाने दोघांत खरी जोखीम त्यांची होती, असे म्हणता येईल. तरीही त्यांच्याजवळ हार्वर्डची पदवी आणि नोकरीचा अनुभव होता, हे विसरून चालणार नाही.

दाखले देणारे ज्याकडे पाहत नाहीत, ते याच विद्यालयाचे त्याच वर्षाचे दुसरे चित्र आहे. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला आणि स्कॉट मॅकनीली या दोघांनी १९८० मध्येच स्टॅनफर्डचे एम.बी.ए. पूर्ण केले. १९८२ मध्ये अँडी बेख्टोल्शाइम व बिल जॉय यांच्यासह त्यांनी सन मायक्रोसिस्टिम्स स्थापन केली. बेख्टोल्शाइम यांनी स्टॅनफर्डमधील पीएच.डी. मात्र अपूर्ण सोडली होती. एकाच कंपनीच्या संस्थापकांत पदवी पूर्ण करणारेही होते आणि सोडणारेही. मग यशाचे कारण पदवी सोडण्यात शोधणे कितपत सयुक्तिक ठरते?

अमळनेर : परतीचा मार्ग

व्यवस्थापन शाखेबाहेरचा, परंतु त्याच विद्यापीठाचा एक जुना प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. १९६६ मध्ये वडील एम. एच. हाशम प्रेमजी यांच्या निधनामुळे अझीम प्रेमजी यांना स्टॅनफर्डमधील अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून परतावे लागले. त्यांचे वय तेव्हा एकवीस होते. वाट्याला आलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी साने गुरुजींच्या वास्तव्याने परिचित असलेल्या अमळनेर येथे वनस्पती तूप तयार करीत असे. तीच पुढे 'विप्रो' झाली. तीन दशकांहून अधिक काळानंतर प्रेमजी यांनी राहिलेला अभ्यासक्रम पूर्ण करून ती पदवी मिळविली. व्यावहारिक लाभाचा प्रश्न तोवर उरलेला नव्हता. विद्यापीठाने त्यांचे जुने अध्ययन ग्राह्य धरले आणि दार लोटलेले नव्हते, ही बाब अधिक विचारात घेण्याजोगी आहे.

सामान्य विद्यार्थ्याचे गणित

ज्यांच्यामागे परवाना नाही, कारखाना नाही, अशा विद्यार्थ्यासाठी रजा आणि त्याग यांतील फरक थेट पैशाचा आणि वास्तव्याच्या हक्काचा असतो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होण्याची मुदत अभ्यासक्रमाच्या कालावधीशी बांधलेली असते. शिक्षण थांबले तरी व्याज थांबत नाही. अमेरिकेत विद्यार्थी-व्हिसावर शिकणाऱ्याने संस्थेच्या संमतीने शिक्षण सोडले, तर त्यास देश सोडण्यासाठी पंधरा दिवस मिळतात. संमतीवाचून सोडल्यास तेवढेही नाहीत. आजारपण किंवा घरातील मृत्यू हे कारण कितीही खरे असले तरी पाच महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यास नवी कागदपत्रे करावी लागतात.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शुल्कपरताव्याबाबत अधिसूचना काढली. प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांच्या आत प्रवेश सोडल्यास ८० टक्के, तीस दिवसांच्या आत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही, असा तिचा क्रम आहे. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थांनी अडकवून ठेवू नयेत, असेही तीत बजावले आहे. असे बजावण्याची वेळ यावी, यातून जुन्या रिवाजाची कल्पना येते.

पुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने बहुविध प्रवेश-निर्गमनाची कल्पना मांडली आणि २०२१ च्या विनियमांन्वये श्रेयांक साठविणारी शैक्षणिक बँक अस्तित्वात आली. बाहेर पडलेला विद्यार्थी साठविलेल्या श्रेयांकांसह परत येऊ शकतो, ही तीमागील भूमिका स्वागतार्ह आहे. मात्र या श्रेयांकांची वैधता कमाल सात वर्षांची ठेवण्यात आली आहे. हीच मर्यादा स्टॅनफर्डमध्ये असती, तर प्रेमजी यांचे १९६६ पर्यंतचे अध्ययन १९७३ मध्येच, अमळनेरचा कारखाना नुकता कुठे सावरत असताना, कालबाह्य झाले असते.