मुंबईतील १८६५ चे शेअर-अरिष्ट आणि आजचा गुंतवणूकदार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : शेअर बाजारातील गुंतवणूक हा आता केवळ महानगरांचा विषय राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथे राहणाऱ्या व्यक्तीसही मोबाइलवरून शेअर खरेदी करता येतात. अशा गुंतवणूकदारासमोर ‘कोणता शेअर घ्यावा’ यापेक्षा ‘कोणत्या पैशाने घ्यावा’ हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुंबईतील १८६५ च्या अरिष्टाच्या आधारे केला आहे.

तेजीची पार्श्वभूमी : १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. या व्यापारातून मुंबईत आलेला पैसा नव्या कंपन्यांकडे वळला. १८६५ च्या प्रारंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था व ८ जमीन कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन तयार करण्यासाठी स्थापन झालेल्या बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत गेला.

अरिष्टाचे स्वरूप : एप्रिल १८६५ मध्ये युद्धाचा शेवट होताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी शेकडो मुदतीचे सौदे पुरे करावयाचे होते; परंतु ते पुरे करणे अनेकांना अशक्य झाले. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६३ च्या कायद्याने या बँकेस शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. कर्ज काढून शेअर घ्यावयाचे व तेच शेअर पुन्हा तारण ठेवावयाचे, असे चक्र त्यातून निर्माण झाले. भाव उतरताच तारणाचे मूल्य आणि परतफेडीचे साधन एकाच वेळी नष्ट झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानासही या अरिष्टाची मोठी झळ बसली.

पुढील वाटचाल : १८७५ मध्ये मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तथापि, नियमन आले म्हणून धोका संपला नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यातही बँकांचाच पैसा शेअर बाजारात वळविण्यात आला होता.

निष्कर्ष : या इतिहासातून तीन सूत्रे हाती येतात. पहिले, कर्जाऊ पैशाने शेअर घेऊ नयेत. दुसरे, भावामागे कंपनीचे प्रत्यक्ष उत्पन्न आहे काय, हे तपासावे. तिसरे, कंपन्यांची संख्या म्हणजे विविधता नव्हे. १८६५ मध्ये बँका व जमीन कंपन्या नावाने भिन्न होत्या, परंतु सर्वांचा आधार कापसाचा भाव हाच होता. ज्या कुटुंबाचा संसार कापसावर चालतो, त्याने पुढील पेरणीसाठी राखून ठेवलेला पैसा शेअर बाजारात गुंतवू नये. बाजार सावरण्याची वाट पाहता येते, पेरणी मात्र थांबत नाही.