वाचा-उपचारतज्ज्ञ : व्यावसायिक व कायदेशीर जबाबदाऱ्या (वसई-विरार)

बोलणे, भाषा, आवाज व गिळणे यांतील दोष तपासून उपचार करणारा व्यावसायिक. रूढ नाव स्पीच थेरपिस्ट. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992 च्या कलम 13 नुसार मान्य पात्रता आणि केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय केल्यास 1 वर्षापर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकारही हेच कलम नोंदणीकृतांपुरता ठेवते. नोंदणी झाली की कायदा पाळला, असे म्हणूनच समजता येत नाही. सहीला वजन आहे, तर सहीखालचा अहवाल मुलाच्या स्वतःच्या भाषेवर आधारलेला असणे हे पहिले कर्तव्य ठरते.

वसई-विरारमध्ये याची कसोटी रोज लागते. सामवेदी (कादोडी), वाडवळी, आगरी, कोळी बोलींच्या शेजारी येथे गुजराती आणि हिंदी बोलणारी कुटुंबे राहतात. आगरी-कोळी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. चित्रतक्त्यासमोर ‘पानी’, ‘डोला’ म्हणणाऱ्या मुलाची आजीही घरी तसेच बोलत असेल, तर तो दोष नव्हे. तरीही दोष लिहून महिनोन्महिने फी घेतली, तर ती व्यावसायिक चूक आहेच, शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रारही होऊ शकते. प्रत्येक बोलीच्या प्रमाणित चाचण्या आणायच्या कुठून, हा आक्षेप रास्त आहे. पण घरच्यांचे बोलणे ऐकणे, भावंडांशी तुलना करणे आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली, तिची मर्यादा काय, हे अहवालात लिहिणे यांसाठी प्रमाणित चाचणी लागत नाही. शाळेसाठी प्रमाण उच्चार शिकवा, अशी पालकांची मागणीही वावगी नाही. मात्र ते शिक्षण आहे, आणि केसपेपरवर तसेच नोंदवावे.

गोपनीयतेलाही सीमा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले वा तशी भीती वाटली, तर पॉक्सो अधिनियम, 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुटुंबाचा विश्वास तुटेल ही भीती खरी आहे, तरी कायदा सद्भावनेने माहिती देणाऱ्याला संरक्षण देतो. मुलाने वापरलेला शब्द किंवा केलेली खूण येथेही आपल्या भाषेत न उतरवता जशीच्या तशी टिपावी, कारण दिव्यांग मुलाचा जबाब घेताना त्याची संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत कलम 26 खाली घेता येते, आणि ती व्यक्ती त्याचा उपचारतज्ज्ञच असू शकते.