नेटवर्क स्विचची जोडणी
स्थानिक जाळ्यातील उपकरणे वाढली किंवा लांब असली, की एकाहून अधिक स्विच परस्परांना जोडण्याची पद्धत. एक स्विच मध्यवर्ती ठेवून बाकीचे थेट त्याला जोडणे भरवशाचे. एकापुढे एक साखळी केल्यास मधला बंद पडताच पुढचे सारे तुटतात. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मी. असते.

सर्वांत घातक चूक म्हणजे लूप. दोन स्विचमध्ये नकळत दुसरी केबल लागली, तर ब्रॉडकास्ट (सर्व उपकरणांना उद्देशून असलेले) संदेश अखंड फिरत राहतात, स्विचवरचे सगळे दिवे एकसारखे लुकलुकतात व जाळे ठप्प होते. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही जादा दुवा आपोआप रोखून धरणारी रीत शोधली. स्वस्त, साध्या स्विचमध्ये ती बहुधा नसते.

दुसरी चूक तारांच्या क्रमाची. प्रचलित टी-५६८-बी क्रमात हिरवी जोडी ३ व ६ क्रमांकांवर येते. ती दोन्ही टोकांना शेजारी-शेजारी ३ व ४ वर बसवली, तर साधा टेस्टर ‘ठीक’ दाखवतो, पण वेग कोसळतो. जुन्या स्विचना लागणारी क्रॉस केबल आता सहसा लागत नाही.

जोडणीला हवामानाचाही धोका असतो. उदाहरणार्थ, सिंधुदुर्गातील आंबोली सुमारे ६९० मी. उंचीवर असून तेथे वर्षाला सुमारे ७५० सेंमी. पाऊस पडतो. अशा ठिकाणी कनेक्टर गंजतात, विजेचा झटका तांब्यातून स्विचपर्यंत पोचतो. म्हणून दोन इमारतींमध्ये धातूविरहित ऑप्टिकल फायबरच वापरावी.