नाताळची मुदत

1939 साली अमेरिकेत नोव्हेंबर महिन्यात पाच गुरुवार आले, आणि शेवटच्या गुरुवारी पाळण्याचा शिरस्ता असलेला थँक्सगिव्हिंगचा सण थेट तीस तारखेवर गेला. तेव्हा त्या सणानंतर सुरू होणाऱ्या नाताळच्या खरेदीला दिवस अपुरे पडतील या धास्तीने व्यापाऱ्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यामागे तगादा लावला आणि त्यांनी तो सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी हा हुकूम मानला, काहींनी जुनाच गुरुवार धरला, आणि 1941 साली कायद्याने चौथा गुरुवार मुक्रर होईपर्यंत तो घोळ सुरू राहिला. दुकानदारांच्या सोयीसाठी जिथे सणाची तारीख हलते, त्या देशात पुढे जन्मलेल्या व्हिडिओ गेमच्या धंद्याने आपले सारे वर्ष नाताळाभोवती बांधून घेतले. मात्र हे बंधन त्याच्या गळ्यात घातले ते खेळण्यांच्या पेठेने.

या पेठेचे वर्ष डिसेंबरापासून मागे मोजले जाई. हिवाळा सरता सरता न्यूयॉर्कला भरणाऱ्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मोठ्या दुकानांचे खरेदीदार येत आणि वर्षअखेरीस काय विकायचे याचा अंदाज बांधून मागण्या नोंदवीत; मग उन्हाळ्यात कारखाने राबत आणि पानगळीपर्यंत गुदामे भरत. 1975 च्या आरंभी अटारी कंपनीने आपला ‘पाँग’ हा घरगुती व्हिडिओ गेम तिथे मांडला, तर खेळण्यांच्या व्यापाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. अखेर त्यात रस घेतला तो सिअर्स या बड्या पेढीच्या क्रीडासाहित्य खात्याचे खरेदीदार टॉम क्विन यांनी. त्यांनी नाताळसाठी तब्बल दीड लाख यंत्रांची मागणी नोंदवली, आणि एवढा माल काढण्याची ताकद नसलेल्या अटारीला भांडवल उभारून कारखाना वाढवावा लागला. यंत्र कधी तयार व्हावे हे त्या दिवसापासून खरेदीदाराच्या वहीत ठरू लागले.

या मुदतीची पुरी किंमत 1982 साली कळली. त्या वर्षी जूनमध्ये स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ चित्रपट आला. त्यावर गेम काढण्याचे हक्क मिळवण्याची बोलणी अटारीची मालक वॉर्नर कंपनी करीत राहिली आणि करारनामा होईपर्यंत जुलै संपत आला. त्या काळी गेमचा प्रोग्रॅम कारखान्यातच चिपवर कायमचा कोरला जाई, त्यामुळे नंतर एक अक्षरही बदलणे शक्य नव्हते, आणि चिप घडवून, त्या काडतुसांत बसवून, खोक्यांत भरून नाताळच्या आत देशभर पोचवायच्या तर प्रोग्रॅम 1 सप्टेंबरला हाती पडणे अवश्य होते. ज्या कामाला एरवी कित्येक महिने द्यायचे, ते हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या प्रोग्रॅमरने सुमारे पाच आठवड्यांत उरकले. पुढे त्या गेमला जगातला सर्वांत वाईट गेम ठरवण्यात लोकांनी मोठा आनंद मानला. माझ्या मते त्यात वॉर्शॉवर अन्याय आहे, कारण दोष शोधायचा तर तो वाटाघाटीत उन्हाळा घालवूनही नाताळ सोडायला तयार नसलेल्या वरिष्ठांच्या दफ्तरात शोधला पाहिजे. सुमारे चाळीस लाख काडतुसे काढली गेली आणि त्यांतील बरीच दुकानदारांनी परत पाठवली. विक्रीचे अंदाज चुकल्याची कबुली वॉर्नरने दिली तीही ऐन डिसेंबरात, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या शेअरचा भाव सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. सप्टेंबर 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात अटारीने जो माल पुरला, त्यात ‘ई.टी.’ही होता याची खात्री 2014 साली तो खणून काढल्यावर पटली.

नाताळचा माल अंगावर पडलेले दुकानदार त्यानंतर व्हिडिओ गेमचे नावही काढू देईनात. म्हणून ऑक्टोबर 1985 मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने न्यूयॉर्कच्या दुकानांत आपले यंत्र मांडले ते एका रोबोसह, म्हणजे निखळ खेळण्याच्या वेषात, आणि न खपलेला माल परत घेण्याच्या हमीवर. ज्या हंगामाने धंदा बुडाला होता, त्याच हंगामात परत शिरण्याचे हे धाडस होते, आणि दुसरा हंगाम निवडला असता तर त्या खरेदीदारांनी दारातही उभे केले नसते.

निश्चित तारखेचा गाजावाजा मात्र पुढचा. तोवर ट्रक पोचेल त्या दिवशी गेम फळीवर लागे; सेगा कंपनीने ‘सॉनिक 2’ हा गेम अमेरिकेत आणि युरोपात एकाच मंगळवारी, 24 नोव्हेंबर 1992 रोजी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी विक्रीस काढला आणि तारखेलाच जाहिरातीचे रूप दिले. पुढे नोव्हेंबरात इतकी दाटी झाली की 2009 साली ‘मॉडर्न वॉरफेअर 2’ या गेमने 10 नोव्हेंबर ही तारीख अडवल्यावर ‘बायोशॉक 2’सारखे गेम पुढच्या वर्षाच्या आरंभी निघाले. तोवर चिपची जागा तबकडीने घेतली होती आणि विकलेला गेम इंटरनेटवरून दुरुस्त करता येऊ लागला होता, म्हणजे कारखान्याने घातलेली मूळ मुदत जवळजवळ सरली होती. पेठेची सरली नव्हती. 2017 साली निन्टेन्डोने आपले ‘स्विच’ यंत्र 3 मार्चला, जपानी हिशेबी वर्ष संपण्यापूर्वी, बाजारात आणले तेव्हा रूढी मोडल्याची चर्चा झाली; पण त्या यंत्रावरचा नवा ‘मारिओ’ गेम कंपनीने 27 ऑक्टोबरसाठी राखून ठेवला होता.