संग्रहालयाचे दार आणि सणाचा दिवस

संग्रहालयांचा इतिहास सांगू लागले म्हणजे लेखक बहुधा तीन गोष्टींपाशी थांबतात: संस्थापक कोण, इमारत केव्हा उभी राहिली आणि संग्रहात कोणत्या मौल्यवान वस्तू आहेत. ही माहिती आवश्यक आहे, याविषयी वाद नाही. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या पाहणाऱ्या माणसाची नोंद अशा लेखनात क्वचितच सापडते. तो कोणत्या ऋतूत येतो, एकटा येतो की मुलाबाळांसह, आल्यावर कोठे रेंगाळतो आणि घरी जाताना काय घेऊन जातो, हे प्रश्न आपल्या अभ्यासकांना फारसे महत्त्वाचे वाटलेले नाहीत. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा थोडा विचार करावयाचा आहे.

आरंभ नावापासून करणे सोयीचे होईल. 'संग्रहालय' हा शब्द वस्तूंकडे पाहून बनलेला आहे. जेथे संग्रह आहे ते संग्रहालय. लोकांनी मात्र या संस्थेला आपल्या अनुभवावरून नावे दिली. कलकत्त्याचे संग्रहालय १८१४ साली एशियाटिक सोसायटीत स्थापन झाले आणि बंगाली कुटुंबे त्याला 'जादूघर' म्हणू लागली. लाहोरकडे 'अजायबघर' हे नाव रूढ झाले, आपल्याकडे 'अजबखाना'. या तिन्ही नावांत पाहणाऱ्याचा विस्मय साठविलेला आहे. शास्त्रीय मनाच्या व्यवस्थापकांना ही नावे अडाणीपणाची वाटत आली. वस्तुतः ती लोकांनी संस्थेला दिलेली पहिली दाद होती, आणि ती दाद देणारी माणसे सणासुदीला, सुट्टीला, घरदार बरोबर घेऊन आलेली होती.

बडोद्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. विश्वामित्रीच्या काठचा सयाजीबाग, ज्याला जुनी माणसे कमाटीबाग म्हणतात, १८७९ साली लोकांसाठी खुला झाला. त्याच बागेत महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८७ साली संग्रहालयाची स्थापना केली. चिझम या वास्तुविशारदाच्या हातून त्याची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. शेजारच्या चित्रशाळेचे काम १९०८ साली सुरू होऊन १९१४ साली संपले. पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील चित्रे वेळेवर येऊ शकली नाहीत आणि ती १९२१ साली उघडली. हा तपशील सर्वांना ठाऊक असतो. त्यातील एक गोष्ट मात्र नजरेतून सुटते: हे संग्रहालय बागेत आहे. मुंबईतही तोच प्रकार झाला. १८७२ साली भायखळ्याला उघडलेले आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय राणीच्या बागेच्या आवारातच आहे. वाघ-माकडे पाहावयास आलेले कुटुंब ऊन चढले की सावलीसाठी आत शिरे, आणि मूर्तीपुढे किंवा नकाशापुढे येऊन उभे राही. ज्ञान आणि सहल यांची ही सांगड बागेच्या जागेनेच घालून दिली होती. त्यासाठी निराळी योजना आखावी लागली नाही.

सयाजीरावांच्या मनात मात्र योजना होती. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला. १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात स्त्रियांची आणि मुलांची वेगळी सोय होती. फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी जात, आणि अक्षरशत्रू लोकांसाठी मॅजिक लँटर्न व चलच्चित्रे दाखविण्याची व्यवस्था होती. येथे एक विलक्षण तफावत दिसते. बडोद्याचे ग्रंथालय पेटी उचलून लोकांच्या दारी गेले. बडोद्याचे संग्रहालय बागेत बसून लोकांची वाट पाहत राहिले. एकाच राजाच्या, एकाच ध्येयाने चाललेल्या या दोन संस्था होत्या. पुस्तक पेटीत मावते आणि मूर्ती मावत नाही, हे खरे. पण कारण तेवढेच नसावे. वाचकाला घडवावे लागते हे त्या काळी पटले होते; प्रेक्षकालाही घडवावे लागते, हे अद्याप पटावयाचे होते.

प्रेक्षक मात्र कोणी घडविण्याची वाट पाहत थांबला नाही. मद्रासचे संग्रहालय पाहू गेल्यास हे स्पष्ट दिसते. तेथे पोंगल सणाच्या अखेरच्या दिवशी, काणुम पोंगलला, कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर पडून प्रेक्षणीय स्थळी जातात, आणि त्या रीतीत संग्रहालयाने फार पूर्वीच स्थान मिळविले. १८८५ पासून तेथे अधीक्षक असलेले एड्गर थर्स्टन हे मानववंशशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्या काळात पडदानशीन स्त्रियांना निःसंकोचपणे येता यावे म्हणून गोषाचे खास दिवस ठेवण्याची प्रथा तेथे होती. सण लोकांनी आणला आणि स्त्रियांसाठी दार संस्थेने उघडले. संस्था एक पाऊल पुढे आली, तेव्हा घरातील अर्धी माणसे प्रथमच आत आली.

हैदराबादेत हीच गोष्ट एका घड्याळाने साधली. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान १९४९ साली निवर्तले. ते अविवाहित होते, वारस नव्हता. त्यांचा अफाट संग्रह दिवाण देवडीत मांडून १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लोकांना खुला करण्यात आला. १९६८ साली तो मुसीकाठच्या नव्या इमारतीत गेला. तेथे जेड आहे, हस्तलिखिते आहेत, अवगुंठित रिबेकेचा संगमरवरी पुतळा आहे. पण तास भरत आला की सर्व दालनांतून माणसे लगबगीने एका ठिकाणी जमतात. घड्याळातून एक दाढीवाला चिमुकला पुरुष बाहेर येतो आणि तासाचे टोले देऊन आत जातो. बाराच्या टोल्यांना तर आजोबांच्या खांद्यावर नातवंडे असतात. पंडित या दृश्याकडे पाहून हसतील. परंतु शेकडो अनोळखी माणसे श्वास रोखून एकाच वस्तूकडे पाहत आहेत, असा क्षण किती संग्रहालयांच्या वाट्याला येतो?

ऋतू आणि कुटुंब यांच्यावरच संस्था उभारण्याचा विचार प्रथम जाणीवपूर्वक केला तो स्वीडनच्या आर्तुर हासेलियुस यांनी. कारखाने आणि आगगाड्या यांच्या रेट्याखाली आपल्या देशाची खेडी बदलत आहेत, हे पाहून त्यांनी १८७३ साली शेतकऱ्यांचे पोशाख, भांडी व अवजारे यांचा संग्रह मांडला. पुढे १८९१ साली स्टॉकहोममध्ये त्यांनी स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय काढले. निरनिराळ्या प्रांतांतील लाकडी घरे सुटी करून तेथे आणली आणि पुन्हा जशीच्या तशी उभी केली. मग त्यांच्या ध्यानात आले, की घर आणले तरी घरातले वर्ष आणावयाचे राहिलेच आहे. म्हणून तेथे वसंतोत्सव आले, मध्यग्रीष्माचे नाच आले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९०३ पासून नाताळचा बाजार भरू लागला. सणाचा पदार्थ, सणाचे गाणे व सणाचा दिवा यांना वर्षात एक नेमका दिवस असतो, आणि तो दिवस गाळला तर ती वस्तू मुकी होते, हा त्यांच्या कार्याचा मथितार्थ होय.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. जत्रा भरली म्हणजे अभ्यास संपतो, संग्रहालयाचा तमाशा होतो, वस्तूंना धोका पोहोचतो, असे पुष्कळ जाणते लोक म्हणतात. यातील धोक्याचा भाग खरा आहे. जुन्या कापडाला उजेड सोसत नाही, चित्राला दमट श्वास सोसत नाही. गर्दीला मर्यादा हवीच. पण अभ्यासाचा भाग इतिहासाला धरून नाही. बडोद्याच्या संग्रहालयाला १९४०च्या दशकात हर्मान गोएट्झ यांच्यासारखा थोर कलेतिहासकार लाभला. १९५१ साली सापडलेल्या अकोट्याच्या कांस्यमूर्तींवर उमाकांत शहांनी मोलाचे संशोधन केले. १९५२ साली तेथील विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभागही निघाला. त्या सर्व काळात खालच्या दालनात मुले देवमाशाच्या सांगाड्याभोवती फिरतच होती. संशोधन आणि सहल ही दोन्ही एका छपराखाली नांदली आणि एकीमुळे दुसरीचे काही बिघडले नाही. आक्षेप घ्यावयाचाच तर निराळा घ्यावा: येणाऱ्या कुटुंबाला आपण अनेकदा रिकाम्या हाती परत पाठविले. पाटीवर वस्तूचे नाव, शतक आणि सापडल्याचे ठिकाण लिहिले. ती वस्तू कोणाच्या हातात, कोणत्या दिवशी असे, ते लिहावयाचे राहिले.

आपल्या मराठी माणसांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ जो संग्रह उभारला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, त्यात दिवे, अडकित्ते, वज्री, पानाचे डबे आणि स्वयंपाकघरातील भांडी आहेत. या वस्तू कपाटात ठेवण्यासाठी घडविलेल्या नव्हत्या. वज्री दिवाळीच्या पहाटेची, समई संध्याकाळची, हळदीकुंकवाचा करंडा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या बोलावण्यांचा. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या घरांत या वस्तू अजून असतात. पण त्यांची नावे नातवंडांच्या ओठी नसतात. वस्तू राहते आणि शब्द जातो, अशी आपली अवस्था आहे. संग्रहालय वस्तू सांभाळील. शब्द सांभाळण्यासाठी आजीला आणि नातीला एकाच कपाटापुढे उभे करावे लागेल.

हे अशक्य नाही. भोपाळच्या मानव संग्रहालयात 'करो और सीखो' या उपक्रमात कारागीर येतात आणि येणारी माणसे त्यांच्याजवळ बसून स्वतःच्या हाताने काम शिकतात. आपल्याकडे वर्षाचा क्रमही ठरलेला आहे. जानेवारीत संग्रहालय-सप्ताह, १८ मे रोजी १९७७ पासून पाळला जाणारा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, नोव्हेंबरात बालदिन. ही सरकारी पंचांगाची पाने आहेत आणि त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु जानेवारीच्या जोडीला संक्रांतीचे हळदीकुंकू, बालदिनाच्या मागेपुढे येणाऱ्या दिवाळीत किल्ले आणि पणत्या, आश्विनात भोंडल्याचा हत्ती, अशी घरच्या पंचांगाची पाने शेजारी ठेवली, तर संग्रहालयाला नवीन प्रेक्षक शोधीत हिंडावे लागणार नाही. यासाठी मोठा निधीही लागत नाही. शाळेच्या शिक्षकाने वर्ग नेण्याऐवजी कधी दहा कुटुंबे न्यावीत, प्रत्येक मुलाने घरातील एका जुन्या वस्तूचे नाव आणि उपयोग वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावा, आणि तशीच वस्तू दालनात शोधावी. साहित्य संस्थांनी त्या नोंदी जपाव्यात. कोशकारांना त्यांतून शब्द मिळतील आणि इतिहासकारांना घरे मिळतील.

बडोद्याच्या संग्रहालयात देवमाशाचा तो सांगाडा आजही आहे. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, सत्तर फुटांहून लांब. त्याच्यापुढे उभे राहून मूल प्रथम तोंडाचा आ करते आणि मग वडिलांकडे वळून काहीतरी विचारते. संग्रहालयाचे खरे काम त्या प्रश्नापासून सुरू होते. त्या क्षणी वडिलांना उत्तर देता यावे एवढी तयारी संस्थेने करून ठेवली, तर सणाच्या गर्दीविषयी तक्रार करण्याचे तिला कारण उरणार नाही.