वलगण आणि पोषग्रंथी

मृगाच्या सरी कोसळून ओढ्यांना गढूळ लोंढा आला, की पालघर-बोईसर भागातील शेतकरी पाग, टोपल्या, प्रसंगी कोयतेही घेऊन रात्री बांधांकडे निघतात. अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत येतात, हीच वलगण. मासा नेमका त्याच वेळी का चढतो, याचा उलगडा शास्त्राला झाला तो निराळ्याच एका अडचणीतून.

कटला, रोहू व मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, त्यांच्या पोटात अंडीही तयार होतात. परंतु साचलेल्या पाण्यात ते ती घालीत नाहीत. म्हणून बीजासाठी नदीच्या पुराकडेच पाहावे लागे. बंगालच्या नद्यांतून गोळा केलेले बीज आगगाडीने दूरच्या प्रांतांत जाई. त्यात नको त्या जातींची भेसळ असे, आणि वाटेत पुष्कळसे मरेही.

अर्जेंटिनात हौसे यांनी १९३० मध्ये माशाच्या पोषग्रंथीचा अर्क माशालाच टोचून पाहिला. १९३४ मध्ये ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी तो उपाय पुढे नेला. आपल्याकडे पुरते यश आले ते १० जुलै १९५७ रोजी, ओरिसातील अंगुल येथे, हिरालाल चौधुरी यांना. कापलेल्या माशाच्या मेंदूतळाची ती इवलीशी ग्रंथी मद्यार्कात टिकवावयाची, पाण्यात घोटावयाची आणि मादीस टोचावयाची. सुमारे सहा तासांनी दुसरी, मोठी मात्रा, व त्याच वेळी नरासही एक. आणखी काही तासांत तळ्याच्या पाण्यात अंडी दिसतात.

म्हणजे पूर हा निरोप्या होय. नव्या पाण्याची वर्दी मेंदूस पोहोचली म्हणजे पोषग्रंथीतील जननप्रेरक हॉर्मोन रक्तात उतरते. एरवी डोपामिन त्यास रोखून धरते. हा लगाम ओळखल्यावर १९८० च्या दशकात, ग्रंथीस चेतविणारे कृत्रिम द्रव्य आणि डोपामिनचा प्रतिबंधक यांचे मिश्रण वापरात आले. माशांची डोकी गोळा करण्याची यातायात त्याने संपविली.

तळ्यातील माशाची अशी सोय झाली. सूर्या-वैतरणेच्या ओढ्यांतील रानमाशांना मात्र अद्याप पुराचाच आधार, आणि वलगणीत टोपलीत पडते ती बहुधा अंडी न घातलेली मादी. समुद्रात पावसाळी मासेमारीस १९८१ च्या राज्य कायद्याखाली बंदी असते, आणि सातपाटीचे कोळी नारळी पौर्णिमेचा संकेत मानतात (वादळाचे भय हेही त्याचे कारण असावे). वलगणीला असा संकेत नाही. ती बंद करा म्हणणे गरिबाच्या ताटाला हात घालणे होईल. प्रथम कोणती जात कोणत्या पावसात चढते आणि पकडलेल्यांत गाबोळी असलेल्या माद्या किती, एवढी नोंद विद्यार्थ्यांनी चार-पाच पावसाळे गावकऱ्यांसह बांधावर उभे राहून करावी. पहिल्या लोंढ्याच्या दोन रात्री तरी मोकळ्या सोडता येतील का, हे त्यानंतर गावकऱ्यांनाच विचारता येईल.